'पुट फॉरवर्ड' म्हणजे पुढे ढकलणे नव्हे: या चुका टाळा

म्हापशात मी दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आणि 'पुट फॉरवर्ड' या क्रियापदाचे हाल दरवर्षी पाहतो. 'शी पुट फॉरवर्ड अ प्रपोजल' म्हणजे तिने प्रस्ताव मांडला; पदासाठी कुणाचे नाव सुचवायलाही तेच क्रियापद चालते. एवढे कळले की मुले वही मिटतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सर्वांत महागात पडते ते 'फॉरवर्ड'ला डोळे मिटून 'पुढे' म्हणणे. मराठीत सभा पुढे ढकलली की ती उशिरा होते. इंग्रजीत 'द मीटिंग वॉज पुट फॉरवर्ड' म्हटले की ती ठरल्या वेळेआधी होते. पुढे ढकलण्यासाठी 'पुट ऑफ' आहे. फोंडा तालुक्यात आमच्या जत्रेच्या नाटकाची पाचची बैठक आरतीमुळे सातला घ्यायची ठरली. प्रकाशयोजना करणारे मडगावचे गृहस्थ देवनागरी सराईतपणे वाचत नसल्यामुळे त्यांना इंग्रजीत कळवले गेले: 'पुट फॉरवर्ड बाय टू अवर्स'. ते बरोबर तीनला आले आणि सभागृहाला कुलूप पाहून चार तास देवळाच्या पायरीवर बसून राहिले. ती चिठ्ठी माझ्या नजरेखालून गेली होती, हे मी इथे प्रथमच कबूल करतो. तेव्हापासून मी क्रियापदाच्या भरवशावर राहत नाही. जुनी वेळ आणि नवी वेळ, दोन्ही आकड्यांत लिहितो.

दुसरी चूक ग्रामसभेच्या इतिवृत्तांत हमखास सापडते: 'ही पुट फॉरवर्ड दॅट द रोड शुड बी रिपेअर्ड'. या क्रियापदाला कर्म म्हणून नाम लागते, त्यामुळे 'पुट फॉरवर्ड द आयडिया दॅट' असे लिहावे, किंवा सरळ 'सजेस्टेड दॅट' म्हणून मोकळे व्हावे. परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर क्रियापदांपुढे एकेक मराठी अर्थ लिहून पाठ करणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, कारण त्यांच्या यादीत वाक्यच नसते.

सर्वनाम मध्ये येते: 'पुट इट फॉरवर्ड', 'पुट फॉरवर्ड इट' नव्हे. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. त्याचा प्रस्तावाशी संबंध नाही. भूतकाळातही 'पुट'च राहते. 'पुटेड' म्हणून मुले जे लिहितात ते स्पेलिंग गोल्फमध्ये आहे, पण त्याचा उच्चार 'पटेड' आणि अर्थ चेंडू खळग्याकडे हलकेच सरकवला, असा आहे.