लाराव्हेलमध्ये पुश नोटिफिकेशनची क्यू कशी लावावी

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवर चालणाऱ्या शाळेच्या ॲपवरून ‘उद्या पावसामुळे सुट्टी’ हा मेसेज दोन हजार पालकांना पाठवायचा आहे. कंट्रोलरमध्येच (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) लूप फिरवला, तर प्रत्येक मोबाइलसाठी फायरबेसकडे (नोटिफिकेशन पोहोचवणारी गुगलची सेवा) वेगळी रिक्वेस्ट जाते आणि मध्येच टाइमआउट झाला की कोणाला मेसेज पोहोचला हे कळत नाही. म्हणून हे काम क्यूवर टाकायचे, म्हणजे रांगेत लावायचे. रांगेतले प्रत्येक काम हा एक ‘जॉब’, आणि तो मागे वेगळा चालणारा ‘वर्कर’ प्रोग्राम उचलून पूर्ण करतो. क्यू सुरू करणे सोपे असते. तोच मेसेज एकाला दोनदा जाऊ न देणे, इथे खरा कस लागतो.

आधी एन्व्ह फाइलमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंगची फाइल) क्यू कनेक्शन ‘डेटाबेस’ किंवा ‘रेडिस’ (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) करा. ते ‘सिंक’ राहिले तर जॉब त्याच रिक्वेस्टमध्ये चालतो आणि काहीच साधत नाही. लाराव्हेल ११ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये ‘जॉब्स’ टेबलचे मायग्रेशन (टेबल बनवणारी फाइल) तयारच मिळते.

आता दोन जॉब लिहा. मोठा जॉब ५००-५०० टोकन (प्रत्येक मोबाइलवरच्या ॲपची फायरबेसमधली ओळख) वाचतो आणि दर टोकनमागे एक छोटा जॉब क्यूत टाकतो. पाचशे जणांना एकाच जॉबमधून पाठवू नका. तीनशेव्याला जॉब पडला, की पुढच्या प्रयत्नात आधीच्या सगळ्यांना तोच मेसेज पुन्हा जातो. मोठा जॉबही अर्ध्यावर पडू शकतो, म्हणून एक नोंदीचे टेबल हवे: मेसेजचा आयडी, टोकनचा आयडी, पाठवल्याची वेळ, आणि दोन्ही आयडी मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदू न देणारा). छोट्या जॉबने आधी ही नोंद बघावी, मगच पाठवावे.

तरीही पाठवणे आणि नोंद करणे यांच्यामध्ये वर्कर बंद पडू शकतो. ही फट पूर्ण बुजत नाही. त्यासाठी अँड्रॉइडच्या नोटिफिकेशनला ‘टॅग’ आणि आयफोनसाठी ‘कोलॅप्स आयडी’ द्या. दुसरा मेसेज आलाच, तर तो पहिल्याची जागा घेतो.

दुहेरी मेसेजचे नेहमीचे कारण मात्र सेटिंगमध्ये असते. ‘रिट्राय आफ्टर’ (इतक्या वेळात जॉब संपला नाही तर क्यू तो पुन्हा देते) मुळात ९० सेकंद असतो आणि वर्करचा टाइमआउट (एका जॉबला दिलेली कमाल वेळ) ६०. टाइमआउट वाढवून १२० केला आणि रिट्राय आफ्टर तसाच ठेवला, तर ९० सेकंदांनंतर क्यूला वाटते की जॉब अडकला. पहिला वर्कर काम करत असतानाच दुसरा तोच जॉब उचलतो. टाइमआउट नेहमी रिट्राय आफ्टरपेक्षा काही सेकंद कमीच ठेवा. फायरबेसच्या रिक्वेस्टला १० सेकंदांची वेगळी मर्यादा घाला. सर्व्हरवर पीएचपीचे ‘पीसीएनटीएल’ एक्स्टेन्शन आहे ना, हेही बघा. त्याशिवाय वर्करचा टाइमआउट लागूच होत नाही.

प्रयत्न पाच आणि बॅकऑफ (पुढच्या प्रयत्नाआधी थांबायची वेळ) १०, ६०, ३०० सेकंद असा चढता ठेवा. पण प्रत्येक चुकीवर पुन्हा प्रयत्न करणे चूक आहे. फायरबेसच्या उत्तरात ४०४ या कोडसोबत ‘अनरजिस्टर्ड’ आले तर ते टोकन आता चालत नाही, बहुधा ॲप काढून टाकलेले असते. टोकन पुसा आणि जॉब संपवा. ४०० आले तर मेसेजची रचना किंवा टोकनच चुकले आहे, जॉब थेट फेल करा. ४२९ आले तर उत्तराच्या हेडरमधल्या ‘रिट्राय आफ्टर’इतके थांबा, तो नसेल तर ६० सेकंद. ५०३ लाही तो हेडर असेल तर तितके थांबा, नसेल तर वरचा बॅकऑफ पुरतो. रिलीज केलेला (क्यूत परत सोडलेला) जॉबही एक प्रयत्न खातो, हे मोजणीत धरा.

मेसेजची नोंद डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये होत असेल तर डिस्पॅचला (जॉब क्यूत टाकण्याला) ‘आफ्टर कमिट’ जोडा, म्हणजे नोंद पक्की झाल्यावरच जॉब क्यूत जातो. रेडिसवर वर्कर इतका चपळ असतो, की कमिट होण्याआधीच जॉब उचलतो आणि ‘मॉडेल सापडले नाही’ म्हणून पडतो.

वर्कर सुपरवायझरखाली (प्रोग्राम सतत चालू ठेवणारे लिनक्सवरचे साधन) चालवा. त्यातला ‘स्टॉप वेट सेकंद’ मुळात १० असतो. तो सर्वांत लांब जॉबपेक्षा मोठा करा, नाहीतर थांबवताना चालू जॉब मध्येच मारला जातो. ओटीपीची क्यू वेगळी ठेवा आणि वर्करच्या कमांडमध्ये तिचे नाव आधी लिहा. वर्कर जुना कोड मेमरीत धरून बसतो, त्यामुळे प्रत्येक डिप्लॉयनंतर ‘क्यू रीस्टार्ट’ चालवलेच पाहिजे. हा इशारा कॅशमधून जातो. कॅश ‘ॲरे’वर (फक्त त्या प्रोसेसच्या मेमरीत) असेल तर तो वर्करपर्यंत पोहोचत नाही.

फायरबेस न पोहोचलेला मेसेज मुळात चार आठवडे जपून ठेवते. सुट्टीच्या मेसेजला आयुष्य १२ तासांचे द्या. फेल झालेले जॉबही ‘रिट्राय ऑल’ने सरसकट परत लावू नका, आधी त्यांच्या तारखा वाचा. सुट्टी उलटून गेल्यावर ‘उद्या सुट्टी’ असा मेसेज आला, तर मुले भलत्याच दिवशी घरी राहतील.