विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

लंडनहून सकाळी ११ ला सुटणारं विमान न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचणार, असं तिकिटावर दिसतं आणि माणूस खुशाल तीन तास धरून मोकळा होतो. परतीचं विमान संध्याकाळी ७ चं, पोहोचणार सकाळी ७ ला, म्हणजे बारा तास! दोन्ही हिशेब चुकले. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. लंडन न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे, म्हणून जाताना ८ तास लागतात आणि येताना ७. वजाबाकी करायचीच असेल तर आधी दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत आणा.

मार्चमध्ये आणखी एक गोम असते. अमेरिका उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन शेवटच्या. मधल्या दिवसांत फरक ४ तासांचाच उरतो. पाठ केलेला आकडा तेव्हा हमखास दगा देतो. आणि टोकियो-लॉस एंजेलिसचं उत्तर उणे आलं तर घाबरू नका. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून १० तास उडालेलं विमान तिकडे त्याच तारखेला सकाळी १० ला उतरतं. वाटेत तारीखरेषा ओलांडलेली असते.

आता वरचा तो जाण्यायेण्यातला एका तासाचा फरक. अंतर दोन्हीकडून सारखंच, साधारण ५,५५० किलोमीटर. पण साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेला जाताना तो मागून ढकलतो, पश्चिमेला जाताना तोंडावर येतो. म्हणून अंतराला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागून आलेले सहा तास दहा मिनिटं कागदावरच राहतात. शिवाय वेळापत्रकातली वेळ गेटपासून गेटपर्यंतची, म्हणजे धावपट्टीकडची रांगही त्यात आली.

अंतर तरी कुठून घेतलं? सपाट नकाशावर पट्टी लावून घेतलं असेल तर सोडून द्या. गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो. लंडन-लॉस एंजेलिस मार्ग ग्रीनलंडवरून जातो तो उगाच नाही. अक्षांश-रेखांशावरून अंतर काढायचं सूत्र स्वतः मांडत असाल तर अंश रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदललेत का आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह दिलंत का, एवढं बघा. उत्तर अशक्य वाटलं की बहुतेक वेळा यातलंच काहीतरी राहिलेलं असतं. आकडा नॉटिकल मैलांत (विमानं-जहाजांसाठीचा मैल) असेल तर किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा, साध्या मैलाचा १.६०९ इथे चालत नाही.

तरीही जवळचा रस्ता मोकळा असेलच असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियोचे नऊ-साडेनऊ तास तेराच्या घरात गेले. जुन्या पानावरची वेळ म्हणूनच धरू नका, चालू वेळापत्रक पाहा.

शहराच्या नावापेक्षा विमानतळाचा कोड तपासा. सिडनी कॅनडातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी तिथे उतरलेले आहेत! तसंच 'डायरेक्ट' लिहिलेलं विमान मध्ये थांबू शकतं. न थांबणारं हवं असेल तर 'नॉनस्टॉप' शोधा.