रूममेटला कोड दिला आणि पिट्सबर्गमधलं माझं पहिलं सेमिस्टर

आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) आला, व्हिसा झाला, बॅगेत कुकर बसला, इथपर्यंत तुम्ही पोचलेलेच असणार, त्यामुळे त्यावर मी काही लिहीत नाही. मी लिहितेय ते पहिल्या सेमिस्टरच्या सातव्या आठवड्याबद्दल. तो आठवला की अजून पोटात गोळा येतो, आणि ऑगस्टमध्ये नवीन मुलं आली की सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं.

मी कराडची, कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला पिट्सबर्गला आले. एअरपोर्टवरून एका सिनियरने गाडीने आणलं, फोर्ट पिटचा बोगदा संपतो न संपतो तोच समोर सगळं शहर उभं राहतं, पूल, नद्या, उंच इमारती सगळं एकदम, आणि मला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आठवला, कारण इथेही अलेगेनी आणि मोनोंगहेला एकमेकींना भेटतात आणि पुढे ओहायो होते. त्या रात्री मला वाटलं की इथे आपलं जमणार. आयडी दाखवला की बस फुकट (म्हणजे फीमध्ये धरलेलीच असते), ओकलंडची कार्नेगी लायब्ररी १८९५ पासून सगळ्यांना खुली, दारावरच लोकांसाठी मोफत असं कोरलंय. शहराबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

त्याच सिनियरने दुसऱ्या दिवशी ड्राइव्हची एक लिंक पाठवली, जुन्या असाइनमेंट्स, जुनी सोल्युशन्स, "आपल्या लोकांसाठी" म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की असं फोल्डर देणारा सिनियर तुमचं भलं करत नाही. तो चांगला माणूस असेल, तुम्हाला गादी मिळवून देईल, इंडियन स्टोअरला नेईल, पण अभ्यासात त्याचं ऐकू नका.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे सबमिशन कसं होतं ते तुम्हाला माहितीये. एकीची फाइल झाली की वर्गभर फिरते, जर्नलचे रायटअप तसेच्या तसे उतरतात, सरांनाही माहीत असतं, आणि फाइल न देणारी मुलगी भाव खाते म्हणून चार वर्षं ओळखली जाते. मी कायम देणाऱ्यांतली होते आणि त्याचा मला अभिमान होता. तिसऱ्या असाइनमेंटला रूममेटला ताप होता, रात्री ११:५९ ची डेडलाइन, साडेदहाला ती म्हणाली, अगं फक्त बघते, कॉपी नाही करणार. मी फाइल पाठवली आणि झोपले.

तिने व्हेरिएबलची नावं बदलली, फंक्शन खालीवर केली, कमेंट स्वतःच्या लिहिल्या. तिला वाटलं पुरे. मलाही कळलं असतं तर पुरे वाटलं असतं. म्हणून नीट सांगते. कोडची कॉपी पकडणारी मॉस नावाची सिस्टीम १९९४ पासून आहे, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीपासून. ती नावं, स्पेस, कमेंट बघतच नाही, कोडची रचना बघते, त्याचे छोटे तुकडे करून त्यांचे जणू अंगठ्याचे ठसे घेते आणि प्रत्येकाचे ठसे प्रत्येकाशी ताडते. सरांनी सगळ्यांना दिलेला सुरुवातीचा कोड आधीच वगळता येतो, म्हणजे उरलेलं जुळतंय ते तुमचंच. मागच्या वर्षांची सबमिशन्सही त्यात टाकता येतात, म्हणजे त्या फोल्डरचं काय होणार ते ओळखा. आणि निकाल आला की शेवटी एक माणूस दोन्ही फाइल शेजारी ठेवून वाचतो.

मेल रविवारी आली. मी ६१सी बसमध्ये होते, स्टीलर्सची, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, मॅच होती, पूर्ण बस काळ्या-पिवळ्या जर्सीत, हातात तो पिवळा टेरिबल टॉवेल, आणि मला त्या आवाजात मेलची एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसत होती की दोघींची सबमिशन्स जुळतायत, भेटायला या. मी मधेच उतरले आणि घरापर्यंत चालत आले. या शहरात सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत, त्यातल्या एकावर बराच वेळ बसले होते. आईला फोन केला नाही.

मीटिंगमध्ये मी म्हणाले की मी कॉपी केलेली नाही, मी तर दिली. ही माझी सगळ्यात मोठी गैरसमजूत होती. देणारा आणि घेणारा दोघांना नियम एकच. दोघींना असाइनमेंटचा शून्य, कोर्सचा ग्रेड एक पायरी खाली, आणि विद्यापीठाकडे नोंद. सिलॅबसच्या दुसऱ्या पानावर हे लिहिलेलं होतं. मी मार्किंग स्कीम वाचून पान उलटलं होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचा, प्रत्येक कोर्सचा वेगळा वाचा, कारण एका कोर्सला चर्चा चालते, दुसऱ्याला जोडीने कोड चालतो, तिसऱ्याला काहीच नाही, चॅटजीपीटीचंही तसंच. फळ्यावर कल्पना बोला, पण स्क्रीन दाखवू नका, फाइल तर कधीच नाही, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव सबमिशनमध्ये लिहा. गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) असाइनमेंट पब्लिक ठेवू नका, पुढच्या वर्षी कुणी उचलली तर विचारणा तुम्हालाच होणार. शंका असेल तर टीएला, म्हणजे सरांच्या टीचिंग असिस्टंटला, आधी विचारा. आधी विचारलं म्हणून कुणी शिक्षा करत नाही.

आणि अडकलातच तर खोटं बोलू नका, चॅट डिलीट करू नका. मी घाबरून तो कोर्स ड्रॉप करणार होते, बटणावर बोट होतं. मास्टर्सला आमच्याकडे नऊ क्रेडिट म्हणजे फुल टाइम, माझे नेमके नऊच होते, आणि इंटरनॅशनल ऑफिसच्या परवानगीशिवाय त्याखाली गेलं की एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं, स्टेटसच धोक्यात. तिथल्या अॅडव्हायजर बाईंनी मला बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की एका शून्याने डिग्री जात नाही, ड्रॉपने व्हिसा जाऊ शकतो. खरंच जात नाही. माझा जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) पुढच्या सेमिस्टरला तीनच्या वर आला, इंटर्नशिपही मिळाली. रडून घ्या, झोपा, आणि सकाळी ऑफिस अवर्सला जा, म्हणजे सर किंवा टीए शंका सोडवायला बसतात त्या वेळेत. ऑफिस अवर्ससारखा मेंटर नाही, सहा जणांच्या रांगेत उभं राहावं लागलं तरी.

रूममेटशी मी पाच महिने कामापुरतीच बोलत होते. मग एप्रिलमध्ये तिनेच पायरेट्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमच्या मॅचची, दोन तिकिटं काढली, सगळ्यात वरची, स्वस्तातली. पीएनसी पार्कमध्ये, म्हणजे त्यांच्या स्टेडियममध्ये, बाहेरचं खाणं नेता येतं, तिने पहाटे उठून थालीपीठं लावली होती. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, आम्ही मधोमध चालत गेलो. ज्याचं नाव पुलाला आहे तो पायरेट्सचा खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे पोर्तो रिकोचा, बरोबर ३००० हिट्स, आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. मैदानाची उजवीकडची भिंत त्याच्या जर्सी नंबरवरून २१ फूट उंच आहे.

शेजारच्या आजोबांनी आम्हाला पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. नऊ इनिंग, प्रत्येकी तीन आउट, ड्रॉ नाही, क्रिकेट कळत असेल तर तासाभरात कळतं. त्यांनीच सांगितलं की २००८ मध्ये याच टीमने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना घेतलं होतं. १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन ही टीम हरण्यातच जास्त होती, आणि आजोबा तेव्हाही येत होते. बोर्डवर रन, हिट आणि तिसरा रकाना एररचा, म्हणजे फिल्डिंगच्या चुकांचा असतो. चौथ्या इनिंगला शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातून सोपा बॉल सुटला आणि तिथे एक आकडा लागला. पुढचा बॉल पुन्हा त्याच्याकडेच गेला, त्याने उचलला, फेकला, आउट.

रूममेटने तेव्हा माझ्याकडे न बघता सॉरी म्हटलं. मी डबा तिच्याकडे सरकवला. यंदाही आम्ही एकत्रच राहतो, आणि गेल्या आठवड्यात एका नव्या मुलीने रात्री अकराला फाइल मागितली तेव्हा नाही म्हणून तिला सकाळी टीएकडे घेऊन गेली ती माझी रूममेटच.