लोखंडी शेड उभारताना या चुका टाळा

कोकणात शेडचे काम बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर घाईला येते. जूनपूर्वी पत्रे चढलेच पाहिजेत, असे मालकाने बजावलेले असते, आणि मग जे काम लांबून दिसत नाही ते मागे पडते. त्यात पहिला क्रमांक ब्रेसिंगचा, म्हणजे फ्रेम एकमेकींना जखडणाऱ्या तिरक्या रॉडचा.

राफ्टर, म्हणजे खांबांवरची छताची तिरपी तुळई, चढला की नवख्या मुकादमाला फ्रेम उभी राहिल्यासारखी वाटते. दोन खांब आणि राफ्टर मिळून झालेली ही पोर्टल फ्रेम रुंदीच्या दिशेने ताठ असते. लांबीच्या दिशेने मात्र ब्रेसिंग आणि पर्लिन (पत्र्यांखालच्या आडव्या पट्ट्या) लागेपर्यंत तिला खांबाच्या पायथ्याच्या चार अँकर बोल्टांपलीकडे फारसा आधार नसतो. लोटे गावाजवळच्या एका कामावर मे महिन्यात ठेकेदाराने चार फ्रेम उभ्या केल्या आणि ब्रेसिंगचे रॉड ‘उद्या लावू’ म्हणून जमिनीवरच ठेवले. मी देखरेखीला होतो. प्रत्येक फ्रेमला एकाच बाजूने ताण (जमिनीला बांधलेला आधाराचा दोर) दिलेला पाहून मी हटकले, पण हायड्रा (फिरती क्रेन) दुसऱ्या साइटवर जायचा होता आणि मीही पुढे ताणून धरले नाही. रात्री वळवाचा पाऊस आला. सकाळी चारही फ्रेम एकाच दिशेला आडव्या पडल्या होत्या, बोल्ट वाकले होते आणि रॉड ठेवले तिथेच होते. माणसे खोलीवर झोपली होती म्हणून वाचली.

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाची सूचना आधी मिळाली होती. वळीव तेवढी सवड देत नाही, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून आता मी पहिल्या गाळ्याच्या दोन फ्रेम, त्यांच्या पर्लिन, छताचे व भिंतीचे ब्रेसिंग पूर्ण करून, ओळंबा तपासून आणि नट आवळून घेतल्याशिवाय तिसरी फ्रेम उचलू देत नाही. तोवर दोन्ही बाजूंनी ताण. यात अर्धा दिवस जातो, अशी तक्रार होते. ती मी ऐकून घेतो आणि काम तसेच चालू ठेवतो. उभारणीच्या सुरक्षेचे आयएस ७२०५ हे भारतीय मानक १९७४ सालचे आहे, तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब मला पटत नाही.

स्लिंग, म्हणजे क्रेनला भाग टांगणारा दोर, सोडण्याची घाईही तशीच. प्रत्येक जोडाला किमान दोन बोल्ट पान्याने आवळलेले असावेत. हाताने फिरवलेला नट मी मोजत नाही.

खाऱ्या हवेत क्रेनचा वायर रोप (तारांचा दोर) आतून गंजतो, त्यामुळे वरून ग्रीस चकचकीत दिसले तरी मी तो वाकवून, तारा उघडून पाहतो. जांभ्यावर निर्धास्त उभा राहणारा हायड्रा शेजारच्या ताज्या भरावात रुततो, आणि तेही नेमके वजन उचललेले असताना. लोंबत्या राफ्टरला हाताने वळवू नये, दोर बांधावा.

हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून अंगावरचा पट्टा) सगळेच घालतात, पण हुक एका बोल्टावर लटकलेल्या पर्लिनला अडकवतात. मी राफ्टर जमिनीवर असतानाच त्याला लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा दोर, बांधून घेतो.