आखातात निकाल लागला, ठाण्यात पुन्हा खटला: बचावाचा अर्ज कसा मांडायचा

सौदीत किंवा दुबईत खटला भोगून माणूस मुंब्र्याला, कोपरखैरण्याला घरी येतो आणि त्याच प्रकाराचा गुन्हा इथल्या पोलीस ठाण्यात नोंदलेला असतो. ‘एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही’ एवढं वाक्य ठाणे किंवा बेलापूर कोर्टात पुरत नाही.

आधी निकालाचा कागद नीट वाचा. सौदी निकालात खासगी हक्क (पीडिताचा किंवा त्याच्या वारसांचा) आणि सार्वजनिक हक्क (समाजाचा, राज्याचा) वेगळे धरले जातात. किसासच्या (जिवाला जीव अशा शिक्षेच्या) प्रकरणात मृताचे वारस दिया (रक्ताची भरपाई) घेऊन किंवा तशीच माफी देतात. त्याने खासगी हक्क मिटतो, पण सार्वजनिक हक्कापोटी ताझीरची (न्यायाधीशाने ठरवलेली) कैद होऊ शकते आणि तिला दुसरी शिक्षा म्हणत नाहीत. म्हणून नुसता माफीनामा म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. हद्दपारीचा आदेश तर निकालच नव्हे. (एकदा दिलेला निकाल पुन्हा उघडू नये हा विचार इस्लामी कायद्यात नाही, असं मात्र समजू नका. ओटोमन काळातली दिवाणी संहिता ‘मजल्ला’, तिचं कलम 16 सांगतं की एका इज्तिहादाने, म्हणजे कायद्याच्या एका अन्वयार्थाने, दुसरा मोडत नाही.)

मग कागद. निकालाची प्रमाणित नक्कल, तुरुंगातून सुटल्याचा तारखांसह दाखला आणि आरोप व घटना यांसह पूर्ण निकालाचं भाषांतर घ्या. फक्त शेवटचा आदेश भाषांतरित केला, तर दोन्ही खटल्यांची तुलनाच करता येत नाही. परदेशी सरकारी दस्तऐवज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 77 प्रमाणे शाबीत करावा लागतो. त्यासाठी नकलेवर नोटरीचा किंवा भारतीय वकिलातीचा शिक्क्यासह दाखला हवा. सौदी 2022 पासून अपोस्टिल करारात (सरकारी कागद एका ठरावीक दाखल्यावर दुसऱ्या देशात खरा मानण्याचा करार) आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 334 आणखी एक गोष्ट मागतं: निकालातला माणूस हाच, याचा पुरावा. अर्ज इथेच अडकतात. पासपोर्टवर एक स्पेलिंग, इकाम्यावर (आखाती रहिवास परवान्यावर) दुसरं, निकालात बापाचं नाव जोडून तिसरं. पासपोर्ट क्रमांक सगळ्या कागदांत एकच दिसेल हे बघा.

आता युक्तिवाद. घटनेचं कलम 20(2), म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, हे खटला आणि शिक्षा दोन्ही झाल्यावरच उपयोगी पडतं. निर्दोष सुटलेल्याने संहितेचं कलम 337 (जुनं 300) घ्यावं; ते निकाल लागलेल्या गुन्ह्याचा पुन्हा खटला रोखतं. तेही डिस्चार्ज (खटला चालण्याआधीच आरोपातून सोडणं) किंवा तक्रार फेटाळणं याला निर्दोष मुक्तता मानत नाही. अर्जात दोन रकाने करा: तिकडच्या गुन्ह्याचे घटक आणि इकडच्या. घटक वेगळे निघाले की बचाव कोसळतो. जितेंद्र पांचाळ प्रकरणात अमेरिकेत चरससाठी शिक्षा भोगलेल्यावर मुंबईत अमली पदार्थांचा खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये तो चालू ठेवला, कारण दोन्हीकडचे गुन्हे एक नव्हते.

याहून भक्कम मुद्दा अनेकदा संहितेच्याच कलम 208 चा असतो आणि वकील तो शेवटी आणतात. भारतीयाने संपूर्ण गुन्हा परदेशात केला असेल, तर केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय इथे खटला चालत नाही. तपासाला आणि कोर्टाने गुन्ह्याची दखल घेण्यापर्यंत मंजुरी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं. फाइलमध्ये मंजुरी शोधा. पण पैसे वाशीत दिले किंवा कट ठाण्यात शिजला असेल, तर हा मुद्दा टिकत नाही. शिवाय कलम 337 स्वतःच 208 ला धक्का लावत नाही, त्यामुळे मंजुरी असेल तर फक्त 337 वर विसंबू नका.

आंतरराष्ट्रीय करारांचा आधार अर्जात शोभेपुरताच ठेवा. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं कलम 14(7) एकाच देशातल्या दोन खटल्यांना लागू धरतात, दोन देशांतल्या नाही. रोम संविधीचं कलम 20 आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या प्रकरणांपुरतं आहे आणि भारत तिचा सदस्यही नाही.

वेळ चुकवू नका. सत्र न्यायालयात प्रकरण वर्ग झाल्यापासून 60 दिवसांत संहितेच्या कलम 250 खाली डिस्चार्जचा अर्ज, दंडाधिकाऱ्यांपुढच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेचा गुन्हा) कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून 60 दिवसांत कलम 262 खाली. वकिलातीच्या दाखल्याला उशीर होतोय? अर्ज आधी दाखल करा, दाखला नंतर जोडण्याची मुभा त्याच अर्जात मागा.