बाकावरून उठून रांगेत: आम्ही घरचे मिळून कराटे शिकतो, त्याची हकिकत

लेकीला कराटे क्लासला घातलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, धाकटा सहाचा. हॉलच्या भिंतीला लागून एक लांब बाक आहे. मुलांना आत सोडलं की आम्ही पालक तासभर त्यावर बसायचो. कुणी मोबाइल बघायचं, कुणी मटार सोलायला घेऊन यायचं. चार महिने मीही बसले. एके दिवशी सर म्हणाले, "ताई, रोज येताच आहात, तर मागच्या रांगेत उभ्या राहा की." पुढच्या सोमवारी ट्रॅकपँट घालून गेले आणि उभी राहिले. दोन महिन्यांनी नवराही आला. याला आता तीन वर्षं झाली. घरच्यांनी मिळून असं काही शिकावं असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की कराटे, जूडो, तायक्वांदो की आपला मर्दानी खेळ? प्रत्येकाची प्रकृती वेगळी. तायक्वांदोत पायांचं काम जास्त, जूडोत पकड आणि पाडणं. मर्दानी खेळात लाठी, दांडपट्टा, तलवार. कोल्हापूरकडे असाल तर तालमीत जाऊन एकदा जरूर बघा, पट्टा फिरवणाऱ्याच्या पायांकडे बघा. आम्ही शोतोकान या शैलीचं कराटे घेतलं, कारण क्लास घरापासून दहा मिनिटांवर होता आणि शिकवणारे सर मोठ्यांनाही तितक्याच मनापासून शिकवायला तयार होते. माझं स्पष्ट मत आहे, कला कुठलीही निवडा, पण जवळची निवडा. लांबचा नामांकित क्लास पावसाळ्यात सुटतो.

शिक्षक मात्र पारखून घ्या. या आधी आम्ही एका क्लासला लेकीचं नाव घातलं होतं. तिथे दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची वेगळी फी, आणि परीक्षेला बसला तो पास. सहा महिन्यांत तिच्या कमरेच्या बेल्टला दोन रंग चढले आणि मूठ नीट आवळता येत नव्हती. अंगठा चार बोटांच्या आत दाबून ती ठोसा मारायची. तशा मुठीने खरोखर कुणाला मारलं तर मोडतो तो आपलाच अंगठा. नव्या सरांनी पहिल्या दिवशी तिची मूठ हातात घेतली, एकेक बोट मिटवलं, अंगठा बाहेरून तर्जनी-मधल्या बोटावर आणून ठेवला आणि या दोन बोटांच्या पेरांवर टिचकी मारून म्हणाले, "लागायचं ते एवढंच." पाच मिनिटांचं काम होतं. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं की हेच सर.

बेल्टच्या बाबतीत घाई करणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. रंगांच्या पट्ट्यांची आणि 'दान' या ब्लॅक बेल्टच्या दर्जांची पद्धत कराटेत जूडोकडून आली. जूडो जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये सुरू केलं. ओकिनावा या जपानी बेटावरच्या जुन्या कराटेत असे रंग नव्हतेच. म्हणजे बेल्ट ही शिकवण्याच्या सोयीची खूण आहे. नियमित सराव करणाऱ्याला ब्लॅक बेल्टपर्यंत चार-पाच वर्षं सहज लागतात, आणि लागू द्यावीत.

आमच्या हॉलमध्ये रांग वयाने लागत नाही, बेल्टने लागते. त्यामुळे लेक माझ्यापुढे उभी असते. घरात मी तिला "दप्तर जागेवर ठेव" म्हणणारी, आणि इथे ती मागे वळून माझ्या कोपराला हात लावते, "आई, मागचा हात कमरेशी ओढ." पहिल्यांदा मला ते जड गेलं. पण ती बरोबर होती. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा तितक्याच जोराने मागे यावा लागतो, नाहीतर ठोशात कंबर उतरत नाही. तिने मला शिकवलं आणि मी ऐकलं, हे तिने पाहिलं. त्यानंतर मी अभ्यासाचं काही सांगितलं की ती पूर्वीसारखी फणकारत नाही. मुलांच्या वळणाबद्दल बरंच बोललं जातं. आमच्या घरात ते असं आलं.

पहिला महिना अंग दुखतं. पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना कळतं. नवऱ्याने दुसऱ्याच आठवड्यात अंग गरम न करता कमरेच्या वर लाथ मारायचा प्रयत्न केला आणि मांडीचा मागचा स्नायू धरला. तीन आठवडे घरी. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी लाथ गुडघ्याच्या उंचीवर ठेवावी, हळूहळू वर न्यावी. गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांना सांगा. पहिल्या दिवशी ड्रेस विकत घेऊ नका. सैल ट्रॅकपँट, टी-शर्ट पुरे. नखं कापलेली हवीत, बांगड्या-अंगठ्या घरी. मंगळसूत्र मी काढून डब्यात ठेवते. सासूबाईंनीच सुचवलं, "गळ्यात अडकलं तर?"

सासूबाई क्लासला येत नाहीत, पण घरच्या सरावात मोजणी त्यांची. इची, नी, सान, शी, गो... पोथी वाचतात त्या लयीत. त्यांच्या समोर चुकारपणा करता येत नाही.

आता स्वसंरक्षणाचं, ज्यासाठी बहुतेक आईवडील मुलींना क्लासला घालतात. इथे मला जरा थांबून सांगायचं आहे.

मनगट पकडलं तर सोडवायचं कसं, हे लेकीला क्लासमध्ये छान यायचं. पकडणाऱ्याच्या मुठीत सगळ्यात कच्ची जागा म्हणजे अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती फट. आपलं मनगट असं फिरवायचं की त्याची अरुंद कड त्या फटीकडे येईल, मग कोपर समोरच्याच्या कोपराकडे नेत, सगळं अंग घालून झटका. नुसता हात ओढला तर निघत नाही. मैत्रिणीबरोबर तिचा हात दरवेळी सुटायचा. एका रविवारी घरी नवऱ्याने तिचं मनगट खरंच घट्ट धरलं. तिने फिरवलं, झटकलं, हात हलला नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. ती गप्प झाली. डोळ्यांत पाणी, पण तोंडातून शब्द नाही. मला त्या न सुटलेल्या हातापेक्षा तिचं ते गप्प होणं जास्त लागलं.

सरांना सांगितलं. त्यांनी पुढचे दोन तास फक्त त्यावर घेतले. मोठ्या माणसाची ताकद लहान मुलापेक्षा कितीतरी जास्त असते, एका युक्तीने ती मिटत नाही. म्हणून क्रम असा: आधी आवाज, पोटातून, "सोडा मला!" मग नडगीवर लाथ, म्हणजे पकड क्षणभर ढिली पडते, मग मनगटाचा झटका, आणि सुटल्या सुटल्या माणसं असतील तिकडे पळायचं. थांबून मारत बसायचं नाही. पळणं हाही सरावाचाच भाग, हॉलच्या दारापर्यंत धावायला लावतात. घरी येऊन 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर मुलांकडून पाठ करून घेतला.

त्याच दिवशी सरांनी हेइयान शोदान या पहिल्या काताची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेची, चौथी हालचाल उलगडून दाखवली. आम्ही ती शेकडो वेळा केली होती: पुढचा पाय मागे, हात ओढून डोक्यावरून गोल, वरून मूठ खाली. धरलेलं मनगट सोडवून उलटा वार करण्याचा तो मार्ग असू शकतो, हे तेव्हा कळलं. एकवीस हालचालींचा हा काता इतोसु आंको यांच्याकडून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेलं. मुलांसाठीच बेतलेला तो अभ्यास आहे, आणि त्याची पहिली हालचाल वार अडवण्याची आहे. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन, तेही शाळामास्तर, म्हणत की कराटेत पहिला वार आपला नसतो. आपला कायदाही बचावापुरतीच मोकळीक देतो. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची त्यात मुभा नाही. धाकट्याने शाळेत रांगेत ढकललं म्हणून एकाला लाथ घातली, तेव्हा सरांनी त्याला महिनाभर कुमितेला, म्हणजे जोडीच्या लढतीला, उभं केलं नाही. आम्ही मध्ये पडलो नाही. तो बाकावर बसून बघत राहिला आणि चौथ्या आठवड्यात त्या मुलाला स्वतःहून सॉरी म्हणून आला.

मनगटाचा सराव आम्ही सोडला नाही. दर रविवारी, सासूबाईंच्या मोजणीनंतर, नवरा लेकीचा हात धरतो, अगदी खरा. गेल्या रविवारी त्याने धरला आणि ती ओरडली, "सोडा मला!" असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. नडगीवर लाथ बसली, हात सुटला, ती दारापर्यंत धावत गेली. तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर शेजारच्या काकू, हाताला कणीक, धापा टाकत: "काय झालं गं? कोण धरतंय पोरीला?"