आखाजीला माहेरी जाल, तेव्हा आई-वडिलांचा मोबाईल असा लावून द्या

घागर भरून झाली, पुरणपोळी-आमरसाचं जेवण झालं की आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार मोकळीच असते. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याकडे त्या दिवसांत बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन. लेकींनो, हीच वेळ धरा. मुलगे-सुना श्रावणात कानबाईच्या सणाला येतात, त्यांनी नैवेद्याच्या रोटांच्या गडबडीआधी शनिवारी बसावं.

शेतकऱ्याच्या घरात आता मोबाईलशिवाय पान हलत नाही. पीएम किसानचे वर्षाचे 6000 रुपये तीन हप्त्यांत येतात, त्याला ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं. लाडकी बहीणचे महिन्याचे 1500, त्यालाही 2025 पासून ई-केवायसी. 2025-26 च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागली. लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये क्विंटल जाहीर झाले, पण ज्याला ॲप उघडता येत नाही त्याच्या पदरात तो भाव कसा पडणार? सरकारने सगळं मोबाईलवर नेलं आणि शिकवण्याचं काम घरावर येऊन पडलं. हे मला पटत नाही, पण आई-नानांना तोवर ताटकळत ठेवता येत नाही.

बसताना एक पाळा: मोबाईल त्यांच्याच हातात राहू द्या. बोट त्यांचं, तुम्ही फक्त सांगायचं. आपण करून दिलेलं त्यांना पुन्हा करता येत नाही. आणि घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच सांगा.

सुरुवात बोटापासून करा. माझ्या आईची बोटं निंदून, कापूस वेचून राठ झालेली आहेत. हलकं टेकवलं तर स्क्रीन दाद देत नाही, म्हणून ती दाबून धरते. दाबून धरलं की आयकॉन सुटा होतो, बोटाबरोबर सरकतो आणि व्हॉट्सॲपचं हिरवं चित्र भलत्याच पानावर जाऊन बसतं. मग 'बिघडना मोबाईल' म्हणून ती तो फळीवर ठेवून देते. बिघडलेलं काहीच नसतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' शोधा आणि 'लाँग' करा, म्हणजे थोडा वेळ दाबलं तरी मोबाईल ते साधं टेकवणंच धरतो. होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये लेआउट लॉक करायची सोय असेल तर तीही चालू करा. बोट ओलसर फडक्याला पुसून घेतलं तरी फरक पडतो. अक्षरं मोठी करा, पण सर्वांत मोठी नकोत, कारण मग मेसेज एका नजरेत मावत नाही आणि माणूस अर्धाच वाचतो. अंगठा उमटत नाही म्हणून पीएम किसानची ई-केवायसी अडली असेल, तर पीएम किसानच्याच ॲपमध्ये चेहरा दाखवून करायची सोय आहे. तोंडावर उजेड येईल असं दारात बसवा.

मेमरी भरल्याची तक्रार घरोघरी असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जाऊन फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेंट यांचं आपोआप डाउनलोड बंद करा. शुभ सकाळचे फुलांचे फोटो येत राहतील, त्यांना वाटलं तर उघडतील.

आता खरं जोखमीचं. भाऊबंदांच्या ग्रुपवर 'पीएम किसान' किंवा 'ई-चलान' नावाची फाईल येते, कधी लग्नपत्रिकाही येते, आणि नावाच्या शेवटी एपीके (apk) अशी इंग्रजी अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडून होकार दिला की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मग बँकेचा ओटीपी आई-नानांच्या आधी चोराला दिसतो. फाईल ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून खरी समजू नका. ज्याचा मोबाईल आधी फसला, त्याच्याच नावाने ती पुढे जाते. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲक्सेस, 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' इथे जा आणि व्हॉट्सॲप व ब्राउझर दोघांचीही परवानगी काढा. एवढं एकच काम करायला वेळ असेल, तर हेच करा. शिवाय व्हॉट्सॲपच्या अकाउंट सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', म्हणजे खात्याला जादा पिनचं कुलूप, लावा आणि तो पिन त्यांनाच ठरवू द्या.

मेसेज वाचायला शिकवताना पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं इंग्रजी अक्षर दाखवा. सरकारी मेसेजला 'जी', बँकेच्या व्यवहाराला 'टी', जाहिरातीला 'पी' असतं. साध्या दहा आकडी नंबरावरून 'तुमचा हप्ता अडला' असं आलं, की ते खोटं धरायचं. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडून दोनदा म्हणवून घ्या. आणि कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, खात्यात जमा झाली की यूपीआयला जोडलेल्या खात्यात खर्चापुरते ठेवून बाकीचे दुसरीकडे हलवा.

वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' म्हणतो, तेव्हा भलेभले घाबरतात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी हे सांगितलं. नानांसारख्या माणसाला पोलिसांपेक्षा गावात इज्जत जाण्याची धास्ती जास्त असते, आणि चोर नेमका तिथेच हात घालतो: घरात कोणाला सांगू नका म्हणतो. म्हणून आमच्या घरात ठरलं आहे, 'काही दाबू नको, पयले माले इचार.' आणि जो 'सांगू नका' म्हणेल त्याचा फोन तिथेच कापायचा. विचारल्यावर मात्र तुम्ही चिडायचं नाही. एकदा 'एवढंही कळत नाही का' म्हणालात की पुढच्या वेळी ते लपवतील.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर आधी त्या मोबाईलचं नेट बंद, मग शेजारच्याच्या मोबाईलवरून 1930. ही सायबर गुन्ह्यांची देशभराची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर फोन कराल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची आशा जास्त. लगेच बँकेला कळवून खातं थांबवा, आणि पिन, पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरूनच बदला. 1930 हा आकडा कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा, कारण सेव्ह केलेला नंबर असतो त्याच मोबाईलमध्ये.

सासरी परतलात तरी काम संपत नाही. पीएम किसानच्या हप्त्याची किंवा लाडकी बहीणच्या मुदतीची बातमी आली की त्याच नावाच्या खोट्या लिंक पाठोपाठ निघतात. म्हणून बातमी दिसली की त्याच संध्याकाळी घरी फोन लावा आणि 'काय काय मेसेज आले, वाचून दाखवा' म्हणा.